टोरीचं तेल

आलापल्ली
१० मार्च २०२५

दादा,

जयभीम. तेवढा तरी घेशील.

फोन तू उचलत नाईस. मेसेजवर एकच टिक येते, म्हणजे तू मले ब्लॉक करून ठेवलं, हे मलेही समजते. म्हणून कागद घेतला. टपाल ब्लॉक करता येत नाई. फाडून फेकायचं असन त फेक, पण पोस्टमनच्या हातून घ्यावं त लागनच.

भांडणाचं काही लिहिणार नाई मी. बाबा गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू जे बोलला ते साऱ्या पाहुण्यांनी ऐकलं, आणि मी जे बोलली तेही ऐकलं. तू म्हटलं का बाईमाणसाच्या हातानं गॅरेज चालत नाई, शटर पडन, आईले घेऊन पुण्याले ये. मी म्हटलं का तुले काचेच्या खोलीत ठेवलेली इंजिनं पाहायची सवय झाली, ग्रीसचा वास तुले आता सहन होत नाई. मी माझा शब्द परत घेत नाई. तुझा तू ठेव. शटर पडलं नाई, एवढं कळवते.

आता कामाचं. इसरूभाऊ आठवते का तुले? हेमलकस्याच्या पलीकडचा, नाल्यापारच्या गावचा, बाबाचा जुना गिऱ्हाईक. दरवेळी काही ना काही घेऊन येणारा, मध नाईतर चारोळीची चारं. त्याची जिप्सी सध्या आपल्या गॅरेजमधी उभी आहे. जुनी, कार्बोरेटरवाली. मागच्या पावसाळ्यात त्याच्या पोरीले, सुकरीले, कळा सुटल्या. जिप्सीत टाकून निघाले. नाला उतरले, पाणीही पार केलं, न पलीकडचा चढ चढताना गाडीनं नाक वर केलं न बंद पडली. काऊन, ते तुले सांगायची गरज नाई. कार्बोरेटरची वाटी तिरपी झाली का पेट्रोल एका बाजूले जाते, मंग इंजिन एक त बुडते नाईतर उपाशी मरते. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. शेवटी सुकरीले खाटेवर टाकून नेलं. ती वाचली. पोरगं नाई वाचलं.

सुकरी आता पुन्हा पोटुशी आहे. आखाड सरता सरता होईन म्हणतात. तिले म्हटलं, आधीच दवाखान्यात जाऊन राह्य. त म्हणते, धानाची रोवणी सोडून कोण बसते तिथी. इसरूभाऊ गॅरेजमधी आला न बाबाच्या खुर्चीपाशी खाली बसला. खुर्चीवर बस म्हटलं त बसला नाई. म्हणे, "बाई, रंग नको मारू, सीट नको शिवू. चढावर बंद नाई पडली पाहिजे, बस."

मी हो म्हटलं. कार्बोरेटर काढून घरीच इंजेक्शन बसवून राह्यली. पंप दाबानं पेट्रोल देते, मंग गाडीचं नाक वर असो का खाली. कॉलेजात असताना तू बनवलेला कंट्रोलरचा हिरवा बोर्ड बाबानं टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. तो मी घेतला. विचारत नाई, कळवते.

रिना

६ एप्रिल

दादा,

उत्तर येणार नाई हे माहीत होतं, तरी पोस्टमन दिसला का मान वर होते. सवय वाईट.

चंद्रपूरच्या भंगारात थ्रॉटल बॉडी भेटली, इंजेक्टरसकट. तिले खाली प्लेट बनवून कार्बोरेटरच्या जागी बसवली. लेथवाला हेमराज म्हणे, "बाई, हे विमान उडणार कधी?" मी म्हटलं, तू आधी चार भोकं सरळ पाड.

खरी माथापच्ची हवेची. इंजिन किती हवा ओढून राह्यलं हे कळल्याशिवाय किती पेट्रोल द्यायचं हे बोर्डाले कसं समजन? पेट्रोल मोजता येते, हवा डोळ्याले दिसत नाई. दोन रस्ते आहेत. एक, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब पाहायचा न त्याच्यावरून हवेचा अंदाज लावायचा. दुसरा, हवा ज्या नळीतून येते तिच्यातच तापलेली बारीक तार ठेवायची. आई गरम भातावर फुंकर मारते तसं आहे ते. फुंकर जोरात त भात लवकर थंडा. तार थंडी व्हायले लागली का तिले तापवायले जास्त करंट लागते, न त्या करंटवरून हवा किती गेली ते समजते.

मी तार घेतली. अंदाज नको वाटला मले. सुकरीची गोष्ट अंदाजावर कशाले सोडायची? तार मोजते, खरं सांगते. तुले विचारलं असतं त तू काय म्हटलं असतं कोणास ठाऊक.

आई बरी आहे. रविवारी तुझा फोन येऊन गेला का दिवसभर गुणगुणत राह्यते. माझी पत्रं भेटतात का म्हणून तिनं तुले विचारलं, त तू म्हणे विषय बदलला. म्हणजे भेटतात.

रिना

४ मे

दादा,

चालू झाली.

पहिल्यांदा खोकली, मंग धूर, मंग पुन्हा खोकली. नंतर अशी लागली का मी न हेमराज एकमेकाच्या तोंडाकडे पाहत राह्यलो. आई पायरीवर बसून गहू निवडत होती, ती म्हणे, "आवाज तुझ्या बाबाच्या, सोमाजीच्या हातचा वाटते." मी हातातला पाना ठेवला न मागं जाऊन तोंड धुतलं. एवढंच सांगते, बाकीचं नाई.

लॅपटॉप मांडीवर घेऊन आठवडाभर फिरली. एटापल्लीच्या रस्त्यानं, डेपोच्या मागच्या चढानं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सांगते का जळण बरोबर आहे. चढावर मुद्दाम ब्रेक दाबून नाक वर करून उभी केली न चालूच ठेवली. नाई पडली बंद.

इसरूभाऊ गाडी न्यायले आला. इंजेक्शन म्हणजे काय ते त्याले समजावलं. तो लक्ष देऊन ऐकत होता न शेवटी म्हणे, "दवाखान्यातल्यासारखं." मी म्हटलं, हो, तसंच. नवाकोरा कागदाचा फिल्टर लावून दिला. म्हटलं, "भाऊ, हा लय कामाचा आहे, याले जप." त्यानं दोन्ही हातानं फिल्टरच्या डब्यावर हात ठेवला न म्हणे, "जपतो."

असा गिऱ्हाईक तुझ्या पुण्यात नसन.

रिना

२९ मे

दादा,

गाडी परत आली.

चढावर दम टाकते म्हणे. बंद नाई पडली, पण झटके देते, फटफट करते. लॅपटॉप लावून पाह्यलं त हवा कमी दाखवून राह्यली. इंजिन ओढते तेवढीच हवा, पण तार सांगते का कमी आली. मंग बोर्ड पेट्रोलही कमी देते न इंजिन उपाशी राह्यते. तार काढून भिंगाखाली धरली. तिच्यावर पिवळट थर, त्यात बारीक धूळ चिकटलेली. फवाऱ्यानं धुतली, बसवली, गाडी पुन्हा फस्क्लास.

आता नवल ऐक. फिल्टर जसा दिला तसाच्या तसा. पांढराफटक. भामरागडच्या धुळीतून आली गाडी न फिल्टरवर डाग नाई. मी इसरूभाऊले म्हटलं, "जपला बरं तुम्ही." तो खुश झाला. गाडीही कशी, धुऊन पुसून आणलेली, टायरच्या फटीतही माती नाई. दवाखान्यात जाताना माणूस अंघोळ करून जाते तशी.

मले वाटते इंजिनातूनच वाफ उलटी येऊन तारेवर बसत असन. तेलाच्या वाफेची नळी बदलून टाकली. आता नाई येणार परत.

रिना

१७ जून

दादा,

परत आली. पुन्हा तेच. तार पिवळी, फिल्टर पांढरा.

नळी बदलली, रिंगा तपासल्या, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग बदललं, दुसऱ्या भंगारातली तार आणली. आलापल्लीत आठ दिवस फिरवली त एकदम साफ. गावाले गेली का आजारी. पाणी लागलं इकडे. नाला अजून गुडघाभर आहे, पण भरायले काय लागते त्याले.

हेमराज म्हणे, पुन्हा कार्बोरेटर बसवून दे न मोकळी हो. मी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाई. कार्बोरेटर बसवला त तोच चढ, तेच नाक वर. आणि हे असं ठेवलं त बरोबर चढावरच, जिथी जोर लागते, तिथीच हे उपाशी मरन. परवा इसरूभाऊसोबत सुकरी आली होती, दवाखान्यात दाखवायले म्हणून नाई, मलेच पाहायले. जिप्सीच्या बोनेटवर हात ठेवून उभी राह्यली, दुसरा हात पोटावर. मले तिच्याकडे पाहवलं नाई.

हे पत्र मी भांडणाच्या वर जाऊन लिहून राह्यली. मले समजून नाई राह्यलं, दादा. भीती वाटते मले. सोबत पेनड्राईव्ह आहे, त्याच्यात गाडीचे सारे ग्राफ आहेत, आलापल्लीतले न गावाकडून आल्यावरचे. तुझं पोट याच कामावर आहे. पाह्य. माझ्यासाठी नको पाहू. सुकरीसाठी पाह्य.

रिना

३० जून

दादा,

तुझा मेसेज आला. आईच्या फोनवर आला, माझ्या नाई, पण ठीक आहे. आईले चष्मा सापडेना म्हणून मीच मोठ्यानं वाचला. "रिनाले विचार, एवढ्या धुळीत फिल्टर पांढरा कसा? फिल्टरले तेल कोण लावते?"

पुण्याले गेल्यापासून तू आईलेही पुणेरी बोलीत "विचार ना गं" असं लिहायचा. हे "रिनाले" ऐकून आई हसली.

मी म्हटलं, तेल कुठलं, कागदाचा फिल्टर आहे. पण डोक्यात किडा वळवळत राह्यला. इसरूभाऊ गाडी न्यायले आला त मीही सोबत बसली. हेमलकस्याच्या पुढं रस्ता मातीचा होते तिथी त्यानं गाडी थांबवली, बोनेट उघडलं, माझा कागदाचा फिल्टर काढला, तो एका धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला न सीटखाली ठेवला. मंग सीटखालूनच एक डबा काढला. त्यात स्पंजचा गोल. बाटलीतून त्याच्यावर टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल ओतलं न दोन्ही हातानं असा चोळला जसं लहान लेकराच्या अंगाले चोळतात. पिळला, बसवला, बोनेट लावलं, हात केसाले पुसले.

मी विचारलं, "भाऊ, हे काय?"

म्हणे, "धूळ धरते. कागद धुळीत मरते. तू चांगला दिला, म्हणून चांगल्या रस्त्यावर लावतो. तुझ्याकडे येताना लावतो."

माझा फिल्टर त्यानं लग्नातल्या धोतरासारखा जपून ठेवला होता, दादा. जप म्हटलं होतं मी.

मी विचारलं, हे तेलाचं कोणी शिकवलं? तो माझ्याकडे असा पाहे जसं मी बापाचंच नाव विसरली. म्हणे, "सोमाजीनं. साऱ्यांले शिकवलं इकडच्या. तुमच्या गॅरेजमधी सोमाजी स्पंज पेट्रोलनं धुवे न पोरगा तेल चोळे. राजदीप. एवढासा होता. कोपरापर्यंत तेल राह्यचं त्याच्या. सोमाजी म्हणे, पोराचा हात चांगला आहे, थेंबही सांडत नाई."

मले हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा आईच्या कडेवर असन. मी मोठी होईपर्यंत तू होस्टेलले गेला होता न बाबा कागदाचे फिल्टर लावायले लागला होता.

म्हणजे त्या ग्राफमधी तुले आपल्या बाबाचा हात दिसला. मले आठ दिवस मांडीवर लॅपटॉप घेऊन नाई दिसला, तुले पुण्यात बसून दिसला. चिडू का रडू समजेना. दोन्ही केलं थोडं थोडं.

आता अडचण सांगते. कार्बोरेटरले तेलाचं काही वाटत नव्हतं, उलट त्या तेलानं इंजिनं वाचवली. तापलेल्या तारेले मात्र ते विष आहे. तेलाची वाफ तारेवर बसते, त्यावर धूळ बसते, न तार खोटं बोलते. हे सारं जिभेवर होतं माझ्या. पण बोलली नाई. त्याच्या पोरीचं एक पोरगं त्या चढावर गेलं. आता त्याले सांगू का, भाऊ, तुमच्याच हातानं गाडी आजारी होऊन राह्यली? तो ऐकन, मान हलवन, स्पंज फेकून देईन. न मंग जन्मभर आपल्या हाताकडे पाहत बसन. आणि कागदाचा फिल्टर त्या धुळीत खरंच टिकत नाई, तेही बरोबर आहे त्याचं.

काय करू? यावेळी आईच्या फोनवर नको लिहू. मले लिही.

रिना

१३ जुलै

दादा,

पार्सल भेटलं. डबी उघडली त आत अंगठ्याएवढा दाबाचा सेन्सर, तीन वायरा, हातभर रबरी नळी न एक पेनड्राईव्ह. न वहीच्या कागदावर तुझं अक्षर, अजूनही बाबासारखं तिरपं: "इसरूभाऊले लावू दे तेल. त्याले काही सांगू नको. तार काढून टाक, हा लाव. हा आडोशाले बसून दाब पाहते, याले तेलाचं काही नाई. कोणत्या दाबाले किती पेट्रोल, त्याचं टेबल बनवून दिलं आहे, चढाच्या रकान्यात थोडं पेट्रोल वाढवून ठेवलं."

माणूस बदलायपेक्षा सेन्सर बदल, असं त. मी अंदाज नको म्हणून तार घेतली होती. तुझा अंदाज माझ्या मोजण्यापेक्षा बरा निघाला. हे लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.

जुन्या पाइपात तारेची जागा रिकामी झाली, तिथी हवेच्या तापमानाचा छोटा सेन्सर बसवला. दाबाच्या सेन्सरची नळी मॅनिफोल्डले जोडली. तुझं टेबल टाकलं. तिसऱ्या सेल्फले लागली. मंग मी स्वतः स्पंज आणला, टोरीच्या तेलात बुडवला न ठिबकता ठिबकता बसवला. डेपोच्या मागच्या चढावर नेली, नाक वर करून उभी केली न तिथंच बसून अख्खा डबा जेवली. गाडी घुरघुर करत राह्यली.

दोन रकान्यांत मी तुझे आकडे बदलले. आपल्याकडची हवा तुझ्या काचेच्या खोलीतल्या हवेसारखी नसते. राग नको मानू. मानायचा त मान.

इसरूभाऊ गाडी घेऊन गेला. आता त्याच्या पुढचं माझ्या हातात नाई.

रिना

२७ जुलै

दादा,

चार दिवसांमागं सकाळी इसरूभाऊ आला. जिप्सी चिखलानं इतकी माखलेली का नंबर दिसेना. धुऊन आणली नाई म्हणून मले धडकी भरली. मी पायरीवरून उठलीच नाई. तो उतरला, जोहार केला न आईजवळ जाऊन बसला. म्हणे, "पोरगी झाली."

मंग हळूहळू सांगतलं सारं. रोवणीतूनच उठली सुकरी, पाय चिखलाचे तसेच. जावई अंकुश मागं तिले धरून बसला. इसरूभाऊनं आधी बोनेट उघडलं. अंकुश ओरडला, "आता काय करता?" हा म्हणे, "तेल." आणि घाई न करता स्पंज चोळला, पिळला, बसवला. मंग निघाले. नाल्याले पाणी मांडीच्या वर होतं. उतरले, पार झाले, चढ आला. गाडीनं नाक वर केलं.

इसरूभाऊ म्हणे, "मी डोळे मिटले."

आई म्हणे, "अरे, गाडी कोण चालवत होतं?"

"मीच. थोडेसेच मिटले."

बंद नाई पडली, दादा. जिथी मागच्या वर्षी थांबली होती तिथी त्यानं मुद्दाम पाय थोडा हलका केला, पाहायले. घुरघुर करत उभी राह्यली न मंग चढून गेली. दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ नाई लागला. पोरीचं वजन चांगलं आहे, आवाज त म्हणे साऱ्या वॉर्डाले पुरून उरला. सुकरी आता रोवणीची चौकशी करून राह्यली.

मी इसरूभाऊले सांगतलं का गाडीच्या आतलं सामान राजदीपनं पाठवलं. त्यानं विचारलं, "त्याले माहीत आहे, मी अजून तेल लावतो?" मी म्हटलं, त्यानंच सांगतलं, लावू द्या म्हणून. तो उठून जिप्सीकडे गेला न सीटखालून एक बाटली आणली. यंदाच्या टोरीचं, घरच्या घाण्याचं, गाळलेलं. म्हणे, "हे त्याले. त्याचा हात चांगला होता."

बाटली बाबाच्या फळीवर ठेवली आहे, बाबाच्या पान्यांच्या बाजूले. आई रोज पुसते तिले.

मी पोस्टात विचारून आली. तेल पाठवता येत नाई म्हणतात.

रिना